अल्झायमरचे निदान जबलपूरपर्यंत कसे पोहोचेल? मेंदूतील रसायन एमआरआयने मोजणारे भारतीय संशोधन

जबलपूर : अल्झायमरचा रुग्ण हयात असताना त्याच्या मेंदूतील बिघाड डोळ्यांनी पाहता यावा, यासाठी गेल्या दोन दशकांत जगभर अनेक प्रतिमातंत्रे विकसित झाली. त्यांपैकी सर्वाधिक भरवशाचे मानले जाणारे पेट स्कॅन महानगरांबाहेर नेणे मात्र अवघड ठरले आहे. या पार्श्वभूमीवर हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ डॉ. प्रवत कुमार मंडल यांनी अवलंबलेला मार्ग जबलपूरसारख्या शहरांच्या दृष्टीने लक्षवेधी आहे. कोणतेही किरणोत्सारी द्रव्य न टोचता, एमआरआय यंत्राच्याच साहाय्याने मेंदूतील एका संरक्षक रसायनाचे प्रमाण मोजणे, हा तो मार्ग होय.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ आलॉइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये या रोगाचे पहिले वर्णन केले, ते रुग्ण महिलेच्या मृत्यूनंतर तिच्या मेंदूच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासून. पेशींच्या बाहेर साचलेली प्रथिनांची पुटे आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता त्यांना आढळला. पुढे या प्रथिनांना अनुक्रमे अमायलॉइड आणि टाऊ ही नावे मिळाली. त्यानंतर जवळपास शतकभर या रोगाच्या निदानावर शिक्कामोर्तब होत असे ते शवविच्छेदनानंतरच. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी अमायलॉइडला चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य तयार केले आणि 2004 मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतील पुटांच्या पेट प्रतिमा प्रसिद्ध झाल्या, तेव्हा ही स्थिती पालटली.

त्या द्रव्यात कार्बन-11 वापरला होता. त्याचा अर्धायुकाल केवळ वीस मिनिटांचा, म्हणजे दर वीस मिनिटांनी त्याची तीव्रता निम्मी होते. नंतर आलेल्या द्रव्यांत फ्लोरिन-18 वापरले जाते. त्याचा अर्धायुकाल सुमारे 110 मिनिटे आहे. हा फरक नकाशावर मांडला की त्याचा अर्थ कळतो. असे द्रव्य नागपुरात तयार करून सिवनीमार्गे जबलपूरला पाठवायचे ठरवले, तर सुमारे पावणेतीनशे किलोमीटरच्या प्रवासाला पाच तास सहज लागतात. तेवढ्या अवधीत फ्लोरिनयुक्त द्रव्याची तीव्रता मूळच्या जेमतेम एक सप्तमांश उरते. कार्बनयुक्त द्रव्य तर वाटेतच संपते. त्याचा तीस हजारावा हिस्साही शिल्लक राहत नाही. फ्लोरिनयुक्त द्रव्य जादा मात्रेत पाठवून ही अडचण काही अंशी दूर करता येते, परंतु खर्च त्याच प्रमाणात चढतो. तपासणी घेणारी माणसे थोडी असली, तर हा हिशेब मुळीच जुळत नाही.

एमआरआयला अशी घाई नसते. नेहमीच्या एमआरआयमध्ये शरीरातील पाण्याच्या रेणूंतील हायड्रोजनकडून येणारे संकेत टिपून मेंदूचे चित्र उभे केले जाते. स्मृती घडवण्यात महत्त्वाचा वाटा असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग आक्रसला आहे काय, हे त्यात दिसते. मात्र तो आक्रसतो तेव्हा पुष्कळशा पेशी नष्ट होऊन गेलेल्या असतात. डॉ. मंडल यांच्या गटाने वापरलेले तंत्र चित्र काढत नाही, ते रसायनांचा वर्णपट मांडते. पाण्याखेरीज अन्य रेणूंतील हायड्रोजन किंचित वेगवेगळ्या कंप्रतेला प्रतिसाद देतो. या फरकावरून मेंदूच्या ठरावीक भागात कोणते रसायन किती आहे, याचा अंदाज घेता येतो.

त्यांनी निवडलेले रसायन म्हणजे ग्लुटाथायोन. तीन अमिनो आम्लांचा हा छोटा रेणू पेशींमध्ये तयार होतो आणि ऑक्सिजनच्या वापरातून निर्माण होणाऱ्या घातक घटकांना निष्प्रभ करतो. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के भरणारा मेंदू शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास वीस टक्के वापरतो. साहजिकच हे संरक्षण तेथे अधिक मोलाचे ठरते. निरोगी वृद्ध, सौम्य स्मृतिदोष असलेल्या व्यक्ती आणि अल्झायमरचे रुग्ण अशा तीन गटांची तुलना करून या गटाने 2015 मध्ये ‘बायॉलॉजिकल सायकिअॅट्री’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. हिप्पोकॅम्पस आणि मेंदूचा पुढील भाग येथील ग्लुटाथायोनची घट आजाराच्या टप्प्याशी निगडित असल्याचे त्यात नमूद करण्यात आले. सौम्य स्मृतिदोषाच्या अवस्थेतच ही घट आढळावी, हा त्यातील कळीचा भाग आहे.

मोजमाप मात्र नाजूक आहे. ग्लुटाथायोनचा क्षीण संकेत क्रिएटिन या दुसऱ्या रसायनाच्या ठळक संकेताखाली दबून जातो. म्हणून तेच मापन दोन प्रकारे करून एकातून दुसरे वजा केले जाते. क्रिएटिन गळून पडते आणि ग्लुटाथायोन उरते. भर बाजारातील गोंगाटात एकाच माणसाचा आवाज वेगळा काढण्यासारखेच हे काम. रुग्णाने डोके किंचित हलवले तरी वजाबाकी बिघडते, आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला बराच वेळ निश्चल पडून राहण्यास सांगणे किती कठीण असते, हे घरच्यांना ठाऊकच असते. हिप्पोकॅम्पस कवटीच्या तळाजवळ, हाड आणि हवेच्या पोकळ्यांच्या सान्निध्यात असल्याने तेथील चुंबकीय क्षेत्रही एकसारखे राहत नाही.

सर्वत्र एकच उत्तर मिळाले, असेही नाही. सिडनी येथील संशोधकांनी 2014 मध्ये सौम्य स्मृतिदोष असलेल्यांच्या मेंदूतील सिंग्युलेट भागात ग्लुटाथायोन घटलेले नव्हे, तर वाढलेले असल्याचे नोंदवले होते. मेंदूचा भाग वेगळा असल्याने अथवा आरंभीच्या काळात मेंदू बचावासाठी जास्त रसायन बनवत असल्याने हा फरक पडू शकतो. अनेक केंद्रांत, वेगवेगळ्या यंत्रांवर आणि मोठ्या संख्येने झालेल्या मापनांतूनच हा वाद मिटू शकेल. तोपर्यंत या तपासणीला रुग्णालयातील नेहमीच्या निदानाचे स्थान मिळणार नाही आणि ते मिळूही नये. भारतीय रुग्णांच्या मेंदूविषयक नोंदी एकत्र आणणारा ‘स्वदेश’ हा माहितीसंचय मानेसरच्या केंद्राने 2021 मध्ये जाहीर केला. त्याचे महत्त्व या संदर्भात आहे.

ग्लुटाथायोन घटते, तर ते गोळीच्या रूपात द्यावे, हा विचार ओघाने येतो. डॉ. मंडल यांच्या गटानेही 2019 मध्ये त्या दिशेने मांडणी केली आहे. तथापि तोंडावाटे घेतलेले ग्लुटाथायोन पचनमार्गात मोठ्या प्रमाणात विघटित होते, आणि रक्त व मेंदू यांच्यामधील अडसर ओलांडून ते पुरेसे पोहोचते किंवा नाही, हा प्रश्न खुला आहे. बाजारातील पूरक गोळ्या हा अल्झायमरवरील सिद्ध उपचार नव्हे.

वस्तुनिष्ठ तपासणीची गरज भारतात अधिक का आहे, याचे उत्तर स्मृतिचाचण्यांत दडलेले आहे. देशव्यापी पाहणीवर आधारित 2023 मधील अभ्यासानुसार साठ वर्षांवरील 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. ग्रामीण भागात हे प्रमाण 8.4 टक्के, तर शहरी भागात 5.3 टक्के आढळले. प्रश्नोत्तरांच्या चाचणीवर शिक्षण आणि भाषेचा परिणाम होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तयार केलेला आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला चाचणीसंच हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांतील होता. त्यात मराठी नव्हती. आयुष्यभर आयुध निर्माणीत किंवा रेल्वेत हिंदीतून व्यवहार केलेल्या, पण घरी मराठीच बोलणाऱ्या जबलपूरच्या निवृत्त ज्येष्ठाला कोणत्या भाषेत प्रश्न विचारावेत, हा प्रश्न त्यामुळे क्षुल्लक ठरत नाही. चूक कोणत्याही बाजूने होऊ शकते : निरोगी माणसावर रोगाचा शिक्का बसू शकतो, वा सुशिक्षित रुग्णाचा आजार सफाईदार उत्तरांमागे लपून राहू शकतो.

रक्ततपासणीचा पर्यायही पुढे येत आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने मे 2025 मध्ये अशा पहिल्या चाचणीला परवानगी दिली. तरीही मेंदूच्या प्रतिमांची गरज संपणार नाही. अमायलॉइड हटवणाऱ्या लेकानेमॅबसारख्या औषधांमुळे काहींच्या मेंदूत सूज येते किंवा सूक्ष्म रक्तस्राव होतो, म्हणून उपचारादरम्यान पुनःपुन्हा एमआरआय करावा लागतो.

विस्मरणाचे प्रत्येक कारण अल्झायमर नसते, ही बाब आजच उपयोगी पडणारी आहे. ‘ब-12’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, मेंदूत साचलेले पाणी, डोक्याला मार लागल्यावर हळूहळू साठलेले रक्त यांमुळेही स्मृती मंदावते आणि वेळीच उपचार झाल्यास ती बऱ्याच प्रमाणात सुधारू शकते. यांतील पहिली दोन कारणे रक्ततपासणीत, तर शेवटची दोन साध्या सीटी स्कॅनमध्येही दिसून येतात. त्यासाठी मानेसरला जाण्याची आवश्यकता नाही.