ध्वनिक्षेपकाची घरगुती दुरुस्ती

ध्वनिक्षेपकाची घरगुती दुरुस्ती म्हणजे घरातील ध्वनिक्षेपकाचे (बोलीभाषेत स्पीकर) किरकोळ बिघाड साध्या साधनांनी दूर करणे होय. फाटलेला कागदी शंकू, आत दबलेली टोपी, झिजलेली कडा आणि तुटलेली जोडतार हे असे नेहमी आढळणारे बिघाड आहेत. वेळीच लक्ष दिल्यास ते थोड्या खर्चात दुरुस्त होतात. तसाच वापर चालू ठेवल्यास मात्र लहान चीर वाढत जाऊन संपूर्ण शंकू निकामी होऊ शकतो.

रचना

बहुतेक घरगुती ध्वनिक्षेपक चल-वेटोळे प्रकारचे असतात. या प्रकाराचे आधुनिक रूप अमेरिकेतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ च्या सुमारास मांडले. कायम चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे हलके वेटोळे (व्हॉइस कॉइल) अधांतरी असते. त्यातून ध्वनिसंकेताचा विद्युत्प्रवाह गेला की ते पुढे-मागे सरकते आणि त्याला चिकटवलेला शंकू हवा हलवून ध्वनी निर्माण करतो. शंकूची बाहेरची कडा रबर, फोम किंवा कापडाची असते. मध्यभागी धूळ रोखणारी टोपी, तर मागे वेटोळ्याला मध्यावर धरून ठेवणारी नालीदार कापडी चकती (स्पायडर) असते.

बिघाडाची कारणे

विदर्भातील काटोलसारख्या गावांत हवामान हे एक महत्त्वाचे कारण ठरते. नागपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४५° सेल्सियसच्या आसपास पोहोचते आणि त्यापाठोपाठ जून ते सप्टेंबर हा दमट काळ येतो. पॉलियुरेथेन फोमच्या कडा दमटपणा, उष्णता आणि सूर्यप्रकाश यांमुळे काही वर्षांत भुगा होऊन गळू लागतात. कागदी शंकू ओलावा शोषून नरम पडतो, तर भुशाच्या दाबपट्ट्यांची पेटी पाणी लागल्यास फुगते. याखेरीज मुलांनी बोटाने टोपी दाबणे, उंदरांनी शंकू कुरतडणे आणि क्षमतेपेक्षा मोठ्या आवाजात वाजवणे ही नेहमीची कारणे आहेत.

तपासणी

तपासणीपूर्वी वीजजोडणी काढून टाकतात. अंगभूत अँप्लिफायर असलेल्या स्पीकरमध्ये वीज बंद केल्यानंतरही धारित्रांत (कपॅसिटर) विद्युतभार शिल्लक राहू शकतो, म्हणून त्याचा विद्युत भाग घरी उघडणे टाळावे.

दोन्ही हातांची बोटे शंकूवर समोरासमोर ठेवून तो सरळ आणि हलकेच आत दाबतात. खरखर जाणवल्यास वेटोळे चुंबकाला घासत आहे, असे समजतात. जोडण्या सुट्या करून मल्टिमीटरने रोध मोजल्यास ८ ओहमचा स्पीकर साधारणतः ५.५ ते ७ ओहम, तर ४ ओहमचा ३ ते ३.५ ओहम दाखवतो. रोध अनंत आढळला तर वेटोळे किंवा जोडतार तुटलेली असते. तो शून्याच्या जवळ असेल तर तो स्पीकर अँप्लिफायरला जोडू नये, कारण त्यामुळे अँप्लिफायरही जळू शकतो.

दुरुस्तीच्या पद्धती

कागदी शंकूची चीर: पातळ टिश्यू कागदाचा तुकडा पाणी मिसळलेल्या पांढऱ्या गोंदात (फेव्हिकॉलसारख्या) भिजवून शक्यतो शंकूच्या मागील बाजूने लावतात. थर पातळ ठेवतात, कारण जड ठिगळामुळे शंकूचे वजन वाढून आवाज बदलतो. गोंद पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे सुमारे २४ तास, स्पीकर वाजवत नाहीत. झटपट चिकटणारा कडक गोंद येथे अयोग्य ठरतो, कारण तो वाळल्यावर ठिसूळ होतो आणि चीर त्याच्या कडेने पुन्हा उघडते.

रबरी कडेची फट: वाळल्यावरही लवचीक राहणारा रबरी गोंद वापरतात. फोमची कडा गळून गेल्यास ठिगळ टिकत नाही. तेव्हा जुने अवशेष काढून त्याच मापाची नवी कडा बसवावी लागते. ती बसवताना वेटोळे फटीच्या मध्यावर राहते की नाही, हे पुन्हा शंकू दाबून पाहतात.

दबलेली टोपी: चिकटपट्टी टोपीवर हलकेच लावून सावकाश ओढल्यास टोपी पुष्कळदा बाहेर येते. उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरचा (ट्वीटर) घुमट फार नाजूक असल्याने त्यावर ही पद्धत जोखमीची असते.

तुटलेली जोडतार: शंकूपासून टोकांपर्यंत जाणारी विणीची लवचीक तार तुटल्यास ती झाळून जोडतात. झाळ विणीत खोलवर शिरल्यास तार ताठ होऊन पुन्हा तुटते, म्हणून ती थोडकीच वापरतात.

ध्रुवता

दुरुस्तीनंतर १.५ व्होल्टच्या सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला आणि ऋण टोक ऋण टोकाला क्षणभर लावल्यास शंकू बहुधा बाहेर सरकतो. दोन स्पीकरांच्या संचात जोडण्या उलटसुलट झाल्यास मंद्र स्वर क्षीण होतात.

मर्यादा

जळालेले वेटोळे किंवा जागेवरून सरकलेले चुंबक घरी दुरुस्त होत नाही. तेथे कारागिराची मदत घ्यावी लागते. सुटे भाग नागपूरच्या बाजारात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या पेठांत मिळू शकतात. दुरुस्तीपलीकडे गेलेला संच घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा म्हणून अधिकृत संकलकाकडे देणे इष्ट असते. भारतात यासंबंधीचे ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.