मोहाच्या छायेतील एक दिवस

बागेत मेळा भरवावा, झाडांच्या सावलीत खाद्यपदार्थ मांडावेत आणि छोट्या भट्टीत मुरविलेल्या बिअरचे पेले रसिकांपुढे ठेवावेत, ही चाल आता आपल्याकडील मोठ्या शहरांतही रुळली आहे. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाली, त्यानंतर तर तिचा बराच प्रसार झाला. परंतु बाग, अन्न आणि घरी सिद्ध केलेले पेय यांचा हा संगम बालाघाट जिल्ह्याला मुळीच नवा नाही. येथे त्यासाठी संयोजक लागत नाही, की प्रवेशपत्रिकाही छापाव्या लागत नाहीत. फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो आणि मेळा आपोआप भरतो.

लालबर्रा हे बालाघाट–सिवनी रस्त्यावरील तहसिलीचे गाव. बालाघाटहून वैनगंगेचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना भातशेती लागते आणि पुढे सोनेवानीच्या जंगलाची चाहूल लागते. तेथील एका स्नेह्यांकडे आम्ही चैत्रात मुक्कामाला गेलो असता, मोह पाहावयाचा तर उजाडण्यापूर्वी निघावे लागेल, असे त्यांनी बजावले. त्याचे कारण झाडाखाली पोहोचताच समजले. मोहाचे फूल रात्री उमलते आणि पहाटेपासून टपटप गळू लागते. ऊन चढले की हा पाऊस थांबतो. पर्णहीन फांद्यांखाली मांसल, पिवळसर फुलांचा सडा पडलेला, हवेत एक गोडसर, उग्र दरवळ, आणि टोपल्या घेऊन वाकलेल्या बायका-मुले, असे ते दृश्य होते. रात्री मधाच्या आशेने येणारी वटवाघळे परागीभवनाचे काम उरकून केव्हाच निघून गेली होती.

दुपारी वहिनींनी पान वाढले. जेवणात चिन्नोर तांदळाचा भात होता. बारीक दाण्याच्या या सुगंधी तांदळाला २०२१ साली ‘बालाघाट चिन्नोर’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भाताबरोबर मोहफुले भाजून तिळांसह कुटलेले लाडूही होते. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते, त्यामुळे गूळ घालण्याची गरज पडत नाही. फुलांनंतर येणाऱ्या फळांच्या बियांचे तेल निघते. दुष्काळाच्या वर्षी याच झाडाने कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. म्हणून मोहाला केवळ दारूचे झाड म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

दारूचा विषय मात्र टाळता येत नाही. वाळलेली फुले पाण्यात काही दिवस भिजवून आंबवायची, मडके चुलीवर चढवायचे आणि निघालेली वाफ थंड करून थेंबाथेंबाने गोळा करायची, ही त्याची साधी रीत. गोंड समाजात जन्म, लग्न, मरण या सर्व प्रसंगी तिला स्थान आहे. पहिले काही थेंब भूमीला व पूर्वजांना अर्पण केल्यावाचून पेला ओठांना लावीत नाहीत.

सरकारदरबारी या परंपरेकडे पूर्वी संशयानेच पाहिले गेले. मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहफुलांसंबंधी खास कायदा करून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुलांच्या साठ्यावरच निर्बंध घातले गेले. महाराष्ट्राने मोहफुलांचे संकलन व वाहतूक यांवरील बंधने उठविली ती थेट २०२१ साली. त्याच वर्षी मध्य प्रदेश सरकारने मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता देण्याचे जाहीर केले, आणि पुढे अलिराजपूर व दिंडोरी येथे आदिवासी बचतगटांमार्फत तिचे उत्पादनही सुरू झाले. कालपर्यंत जो गुन्हा होता, त्याला आज सुबक बाटली मिळाली आहे.

तथापि या गौरवात आम्ही आंधळेपणाने सामील होऊ इच्छित नाही. वैनगंगेच्याच काठच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली ती लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आंदोलनामुळे. सणासुदीचा पेला आणि रोजचे व्यसन यांतील अंतर ज्या घरांना प्रत्यक्ष भोगावे लागते, त्यांचे म्हणणे कोणत्याही वारशाइतकेच मोलाचे आहे. बाटली कितीही देखणी असली, तरी तिचा नफा पहाटे वाकून फुले वेचणाऱ्या बाईच्या पदरात पडतो की नाही, हीच खरी कसोटी होय.

दुसरी चिंता झाडाची आहे. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवितात. ती आग पुष्कळदा जंगलात शिरते, आणि वाढू पाहणारी कोवळी रोपे तर हमखास जळतात. म्हणूनच अनेक ठिकाणी वृद्ध मोह उभे आहेत, पण त्यांच्या पायाशी नवी पिढी नाही. आग लावण्याऐवजी जमीन झाडून घेतली किंवा झाडाखाली जाळी पसरली, तर फुलेही स्वच्छ मिळतात आणि रोपेही वाचतात. उपाय इतका सोपा आहे, पण तो घरोघर पोहोचावयास हवा.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या घरांतून दिवाळीचा फराळ आपण निष्ठेने जपला. ज्या मातीने आपल्याला आश्रय दिला, तिचेही काही जपणे हे आपले कर्तव्य नव्हे काय? येत्या चैत्रात मुलांना घेऊन एखाद्या मोहाखाली पहाटे जरूर जावे. वेचणारीकडून तिला परवडेल अशा भावाने शेरभर फुले घ्यावीत आणि घरी लाडू करावेत. आणि अंगणात किंवा शेताच्या बांधावर जागा असेल, तर एक मोह अवश्य लावावा. त्याची फुले वेचणारे हात कदाचित आपल्या नातवंडांचे असतील.