जीवरक्षकांचे कौशल्य नूतनीकरण

जीवरक्षकांचे कौशल्य नूतनीकरण म्हणजे बुडणाऱ्यांना वाचविण्याचे काम करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींची ठरावीक मुदतीने फेरचाचणी घेऊन त्यांची पात्रता वैध ठेवण्याची पद्धत होय. पोहण्याची क्षमता, बचावतंत्र, प्रथमोपचार आणि साधनांचा वापर ही तिची मुख्य अंगे आहेत.

आवश्यकता

नूतनीकरणामागे दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे, न वापरलेले कौशल्य क्षीण होते. सीपीआरची (छातीवर दाब व कृत्रिम श्वास देण्याची) अचूकता प्रशिक्षणानंतर काही महिन्यांतच घटू लागते. दुसरे म्हणजे, उपचारपद्धती स्वतःच बदलते. २००५ पूर्वी प्रौढ रुग्णाला १५ दाबांमागे २ श्वास देत असत. त्या वर्षापासून हे प्रमाण ३० दाबांमागे २ श्वास असे झाले. हृदयक्रिया अचानक बंद पडल्यास दाबांपासून आरंभ करण्याची शिफारस २०१० मध्ये करण्यात आली. बुडालेल्या व्यक्तीच्या बाबतीत मात्र प्राणवायूचा अभाव हेच मूळ कारण असल्याने जीवरक्षकाने प्रथम कृत्रिम श्वास देणे महत्त्वाचे ठरते. हा भेद ठाऊक नसल्यास जुने प्रमाणपत्र असूनही उपचार अपुरा पडू शकतो.

ऑस्ट्रेलियातील पद्धत

स्वयंसेवी सागरी जीवरक्षणाची संघटित चळवळ ऑस्ट्रेलियात १९०७ मध्ये आकारास आली. ‘ब्राँझ मेडॅलियन’ ही तेथील मूलभूत पात्रता असून ती टिकविण्यासाठी दरवर्षी चाचणी द्यावी लागते. २०० मीटर धावणे, २०० मीटर समुद्रात पोहणे व पुन्हा २०० मीटर धावणे हा क्रम ८ मिनिटांत पूर्ण करणे, ही या पात्रतेतील परिचित कसोटी आहे. तिच्या जोडीला सीपीआर, बचाव फळी, बचाव नळी आणि हातांचे संकेत यांचीही परीक्षा असते.

भारतातील स्थिती

गोव्यात २००८ पासून ‘दृष्टी’ या संस्थेचे वेतनधारी जीवरक्षक किनाऱ्यांवर तैनात आहेत. राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी जीवरक्षणाचे प्रशिक्षण देते. कोकणातील अनेक किनाऱ्यांवर मात्र मदतीला प्रथम धावतात ते स्थानिक मच्छीमार व तरुण. भरती-ओहोटी आणि प्रवाह यांचे त्यांचे ज्ञान पिढीजात असते. परंतु पाण्याबाहेर काढलेल्या व्यक्तीवरील उपचार स्वतंत्रपणे शिकावे व पुनःपुन्हा गिरवावे लागतात.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड येथे सहलीस गेलेले पुण्यातील १४ विद्यार्थी समुद्रात बुडून मृत्युमुखी पडले. पुणे, हिंजवडी, पिंपरी-चिंचवड या भागांतून सुट्टीच्या दिवशी कोकणात जाणाऱ्यांपैकी अनेकांना समुद्राचा परिचय नसतो. त्यामुळे किनाऱ्यावरील जीवरक्षकाची सज्जता किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठीही जीवनमरणाचा प्रश्न ठरते. पोहणे, बचाव नळीचा वापर व सीपीआर यांचा सराव तरणतलावातही करता येतो. लाटा आणि खोल पाण्याकडे ओढणारा प्रवाह यांतील चाचणी मात्र समुद्रातच द्यावी लागते.