‘गुलदार’ प्रकल्प: बुडवलेल्या जहाजावरील स्कूबा डायव्हिंग आणि किनाऱ्यावरील लाभार्थी

प्रकल्प काय आहे?
‘गुलदार’ हे रणगाडे व सैनिक किनाऱ्यावर उतरवणारे नौदलाचे जहाज 12 जानेवारी 2024 रोजी सेवेतून निवृत्त झाले. सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवती रॉकजवळ ते समुद्रतळाशी बसवून पाण्याखालील संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्याचा हा प्रकल्प आहे. पर्यटकांना येथे स्कूबा डायव्हिंग करता यावे, हा त्याचा एक हेतू आहे.

जहाजाची भित्ती कशी होते?
बुडवण्यापूर्वी जहाजातील तेल, तारा व घातक पदार्थ काढावे लागतात. पुढे लोखंडी पृष्ठभागावर शेवाळ, कालवे, स्पंज धरतात. त्यामागे लहान मासे आणि मग गोब्रा, तांबोशीसारखे मोठे मासे येतात. यास काही वर्षे लागतात.

अर्ज करावा लागतो का?
नाही. केंद्राने मंजूर केलेले 46.91 कोटी रुपये राज्याला भांडवली कामांसाठी मिळणाऱ्या 50 वर्षांच्या बिनव्याजी कर्जातून आहेत. ही रक्कम कोणाच्याही खात्यात जमा होत नाही. ‘गुलदारचा फॉर्म’ म्हणून कोणी पैसे मागितल्यास देऊ नका.

मच्छीमारांनी काय करावे?
जहाजात जाळी अडकून फाटू शकते. आपली जाळी टाकण्याची ठिकाणे सहकारी संस्थेमार्फत सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांना लेखी कळवा व पोच घ्या.

अपघात विमा
प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतील गट अपघात विमा वेगळा आहे. त्याचा हप्ता सरकार भरते. वय 18 ते 70 असावे.
- मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व: 5 लाख रुपये
- कायमचे अंशतः अपंगत्व: 2.5 लाख रुपये
- अपघातामुळे रुग्णालयातील उपचार: 25,000 रुपयांपर्यंत

तरुणांसाठी
तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पोहता येणे म्हणजे डायव्हिंग येणे नव्हे. पाण्याखाली श्वास रोखून धरल्यास वर येताना फुप्फुसांना इजा होते. बुडालेल्या जहाजाच्या आत शिरण्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते. मार्गदर्शक म्हणून काम धरण्यापूर्वी मालकाने तुमचा विमा काढला आहे का, हे विचारा. मच्छीमार विम्यावर विसंबून राहू नका.