वाडीतील विहीर आणि मालकाची जबाबदारी

मीरा-भाईंदर हे आता महानगरपालिकेचे शहर असले, तरी भाईंदर पश्चिमेकडील राई, मुर्धा, डोंगरी, उत्तन या गावांत अद्याप वाड्या व विहिरी टिकून आहेत. सुटीच्या दिवशी कोणी चौकच्या धारावी किल्ल्याकडे येतो, कोणी समुद्रकाठी. वाटेत वाडी दिसली की भाजी घेण्यास, पाणी पिण्यास किंवा नुसती पाहण्यासही मंडळी आत शिरतात. अशाच एका वाडीत पावसाळ्यापूर्वी गेलो असता वेलींनी झाकलेल्या विहिरीच्या काठावरून माझा पाय घसरला. नारळीचे खोड हाती लागले म्हणून बचावलो. मालक धावत आले, पाणी दिले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "साहेब, विहीर माझ्या जमिनीत आहे. येणाऱ्यानं बघून चालावं. तो पडला तर माझा काय दोष?"

हा प्रश्न पुष्कळ शेतकरी बंधूंच्या मनात असतो, म्हणून त्याचा विचार येथे करावयाचा आहे. इंग्लंडात 1957 साली या विषयावर स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडे तसा एकच कायदा नाही. निष्काळजीपणाची रूढ न्यायतत्त्वे आणि फौजदारी कायदा यांच्या आधारे न्यायालये निर्णय देतात. आलेला मनुष्य कोणत्या नात्याने आला, हे प्रथम पाहिले जाते. भाजीचा गिऱ्हाईक, पशुवैद्य किंवा पाहणीस आलेला ग्रामकार्यकर्ता हा मालकाच्या कामासाठी अथवा संमतीने आलेला असतो. त्याच्याकरिता मालकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे, आणि सहज न दिसणारा धोका त्याच्या नजरेस आणून दिला पाहिजे. वेलींखाली दडलेली विहीर हा असाच धोका होय. तिकीट लावून पाहुणे घेणाऱ्या कृषी पर्यटन केंद्राच्या मालकास तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील त्रुटीबद्दलही जाब द्यावा लागू शकतो.

मग न विचारता शिरणाऱ्याचे काय? त्याच्याविषयीचे कर्तव्य कमी आहे, परंतु ते शून्य नव्हे. बिहारमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली याचा स्पष्ट निर्वाळा दिला. शेजारच्या घरची माणसे आपल्या शौचकूपाचा वापर करतात म्हणून एका गृहस्थाने तेथे जाण्याच्या वाटेवर उघडी तार लावून तीत वीज सोडली. एक स्त्री त्या तारेस लागून मरण पावली. ती परवानगीवाचून आली होती आणि आपण मालमत्तेचे रक्षण करीत होतो, हा बचाव न्यायालयाने मानला नाही व शिक्षा कायम केली. परक्याच्या जागेत शिरला म्हणून माणसाचा जीव उघड्यावर पडत नाही, असा याचा अर्थ आहे.

काशी, चेणे या गावांच्या पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. तेथील व राज्यातील इतर जंगलकाठच्या शेतकऱ्यांनी हा खटला विशेष ध्यानात ठेवावा. रानडुकरासाठी कुंपणात घरची वीज थेट सोडणे हा सापळाच होय. त्यात डुक्कर मेले तर वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न उभा राहतो. माणूस मेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो, आणि प्रसंगी त्याहून गंभीर कलमही लागते. मान्यताप्राप्त सौर कुंपणाचे यंत्र क्षणभराचा झटका देऊन थांबते. दोन्हींना लोक 'करंटची तार' असे एकच नाव देतात, ही मोठी घातक सवय आहे.

समुद्रकाठी बोअरला खारे पाणी लागले की ती सोडून दिली जाते, आणि वर टाकलेले पोते दोन पावसाळ्यांत कुजते. हरियाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यात 2006 साली पाच वर्षांचा मुलगा अशाच भोकात पडला. सुदैवाने तो जिवंत निघाला. सर्वच मुले निघत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली याविषयी आदेश दिले. बोअर खणण्यापूर्वी 15 दिवस अगोदर संबंधित अधिकाऱ्यांस लेखी कळवावे, काम चालू असता कुंपण व फलक लावावा, तोंडाभोवती अर्धा मीटर लांब-रुंद व 30 सें.मी. जमिनीवर आणि 30 सें.मी. जमिनीखाली असा काँक्रीटचा चौथरा बांधावा, नळीवर पक्के झाकण बसवावे, आणि टाकून दिलेली बोअर माती, वाळू, दगड यांनी तळापासून जमिनीपर्यंत भरावी. नुसता 'धोका' असा फलक येथे पुरत नाही. ज्या वयाचे मूल बोअरमध्ये पडते, त्या वयात अक्षरओळख नसते.

मारक्या बैलाचेही तेच. जनावरापासून माणसास संभवणाऱ्या धोक्याविरुद्ध पुरेशी खबरदारी न घेतल्यास कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून अपघाती मृत्यूबद्दल मिळणारे दोन लाख रुपये हे पात्र शेतकऱ्यास व त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीस आहेत. आपल्या वाडीत परका पाहुणा जखमी झाला, तर मालकाच्या वतीने ही योजना भरपाई देत नाही. उलट मृताचे निकटचे वारस 1855 च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दोन वर्षांच्या आत दिवाणी दावा करू शकतात.

उत्तनच्या बाजूच्या त्या मालकांना कठड्याचा खर्च नको होता असे नव्हे. कठड्यामुळे पाणी काढणे अवघड होईल, अशी त्यांची अडचण होती. आम्ही एका बाजूस पंपाच्या नळासाठी जागा ठेवली, वर लोखंडी जाळी बसविली आणि तिला उघडझाप करता येईल असे कुलपाचे दार केले. कठडा मोठ्या माणसाच्या कमरेइतका झाला. मात्र त्याला लागूनच कपडे धुण्याचा दगड होता आणि त्यावर चढून मूल सहज आत डोकावले असते. तो दगड चार माणसांनी ढकलून आंब्याखाली नेला.