एका बाइटच्या दोन किमती

मुख्य सर्व्हरवर नाव शोधलं की सापडतं. त्याच डेटाची हुबेहूब प्रत सांभाळणाऱ्या राखीव सर्व्हरवर तेच नाव शोधलं, तर शून्य ओळी. एरर नाही, लॉगमध्ये कुरकुर नाही, डिस्क ठणठणीत, आणि दोन्हीकडचा डेटा बाइट न् बाइट सारखा! पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या सोर्स कोडमध्ये हा बग वर्षानुवर्षं दडून बसला होता. मुख्य सर्व्हर इंटेल प्रोसेसरचा आणि राखीव एआरएम प्रोसेसरचा असला, की तो डोकं वर काढायचा.

सी भाषेत एक बाइट ठेवायला ‘कॅर’ नावाचा प्रकार असतो. त्यातला आकडा ० ते २५५ धरायचा की −१२८ ते १२७, हे सीच्या मानकाने ठरवलेलंच नाही. इंटेलवर ऋण आकडे चालतात, लिनक्सवाल्या एआरएमवर चालत नाहीत. (ॲपलचे एआरएम मॅक मात्र इंटेलच्या पंगतीला.) साध्या इंग्रजी मजकुराला याची झळ लागत नाही, कारण त्याची सगळी अक्षरं १२७च्या आत मावतात. आपली देवनागरी बाहेर पडते: यूटीएफ-८मध्ये प्रत्येक अक्षर तीन बाइटचं आणि पहिला बाइट कायम २२४. ऋण आकडे मानणाऱ्या मशीनला तोच बाइट −३२ दिसतो.

आता नावं शोधून देणाऱ्या ‘पीजी-टीआरजीएम’ या एक्स्टेंशनकडे बघा. स्पेलिंग थोडं चुकलं तरी ते नाव हुडकतं, कारण ते शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडतं. ‘कमळ’ या तुकड्याचे होतात नऊ बाइट. सीआरसी नावाच्या गणिताने ते दळून तीनच उरवले जातात, आणि त्यांत १२७च्या वरचे आकडे सर्रास येतात. हे तुकडे शोध झटपट व्हावा म्हणून केलेल्या इंडेक्सच्या नोंदीत क्रमाने लावलेले असतात. लावणारं मशीन २०० या बाइटला −५६ समजून सुरुवातीकडे ठेवतं. वाचणारं मशीन तोच बाइट शेवटाकडे शोधत बसतं. शब्दकोश ‘अ’पासून छापलाय आणि वाचणाऱ्याची खात्री आहे की तो ‘ज्ञ’पासून सुरू होतो, तसली गत.

पोस्टग्रेसकडे ‘बिल्डफार्म’ आहे: स्वयंसेवकांची तऱ्हेतऱ्हेची मशीनं, प्रत्येकाला प्राण्याचं नाव, नवा कोड आला की तो बांधून तपासणारी. पण तिथे प्रत्येक मशीन स्वतःच लावलेला इंडेक्स स्वतःच वाचतं, त्यामुळे दोन मशीनांतलं भांडण उघडकीला येणार कसं?

मग सगळीकडे एकच नियम लावून मोकळं व्हायचं ना! तसं केलं असतं तर दुसऱ्या क्रमाने लावलेले, डिस्कवर आधीच पडलेले इंडेक्स एका अपग्रेडसरशी निकामी झाले असते. म्हणून २०२५मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीत एक नोंद वाढवली गेली, ‘पीजी-कंट्रोल’ नावाच्या छोट्याशा फाइलमध्ये. ही फाइल मला भारी आवडते. तिच्यात १२३४५६७.० हा आकडा लिहून ठेवलेला असतो, केवळ सर्व्हर सुरू होताना तो जसाच्या तसा वाचता येतो का हे पाहण्यासाठी. नाही आला, तर अपूर्णांक ठेवायची या मशीनची पद्धत वेगळी आहे हे ओळखून सर्व्हर चालायलाच नकार देतो. आता तिथेच ‘बाइट ऋण धरायचा का?’ याचंही उत्तर असतं, आणि तुलना त्या उत्तराप्रमाणे होते, मशीनच्या मर्जीप्रमाणे नाही.

नवा डेटाबेस कुठल्याही मशीनवर जन्मला तरी उत्तर ‘हो’च. ‘नाही’ फक्त जुन्यांकडून अपग्रेडच्या वाटेने येतं. म्हणजे ‘नाही’वाले हळूहळू विरळ होत जाणार. जुना डेटाबेस अपग्रेड करताना सध्याच्या मशीनचं वळण प्रमाण मानलं जातं. पण तो डेटा मधल्या काळात इंटेलवरून एआरएमवर हलवलेला असेल, तर इंडेक्स मुळात कुठे लावला गेला हे फाइलींवरून कळत नाही. त्यासाठी अपग्रेडच्या कमांडला वेगळा पर्याय दिला आहे; तिथे उत्तर माणसाने भरायचं.