एकटीचं काम नव्हतंच ते

आमच्या बचत गटातली मैत्रीण परवा रडली. नवरा अंथरुणाला खिळलेला, पापडाची ऑर्डर अंगावर. "ताई, आता नाही होत माझ्याच्यानं."

मला पंडिता रमाबाई आठवल्या. आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ, १८८२ साली पतीही. पदरात लहानगी मनोरमा. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात पुण्याच्या शारदा सदनातून पालकांनी मुली काढून नेल्या. (पालकांची भीतीही समजते म्हणा!) बाईंनी येशूवर भार टाकला नि कामाला लागल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या. त्यांचं खाणंपिणं, आजारपण बघायला सदनातल्याच जुन्या मुली पुढे आल्या. १९२१ साली मनोरमाही गेली, तरी बायबलचं मराठी भाषांतर बाईंनी सोडलं नाही.

मैत्रिणीला म्हटलं, "पीठ घेऊन माझ्याकडे ये. सगळ्या मिळून लाटू."